तपासनिसाचा नकार

किराणा दुकानातून आणलेल्या तांदळात खडे निघाले, तर गिऱ्हाईक पुढच्या महिन्यात दुकान बदलते. दुकानदारालाही हे ठाऊक असते आणि म्हणूनच तो तांदूळ निवडून ठेवतो. बाजारपेठेच्या शिस्तीचे जे गुणगान अर्थशास्त्राच्या क्रमिक पुस्तकांत केलेले असते, ते अखेर अशा साध्या व्यवहारावर उभे असते. विमानाच्या प्रवाशाला मात्र ही सोय नाही. तो भाडे पाहू शकतो, वेळापत्रक पाहू शकतो, फार तर विमान किती उशिरा सुटले याचा हिशेब ठेवू शकतो. ज्या विमानात तो बसणार, त्याच्या पत्र्याला तडा गेला आहे की नाही, सामानाच्या कप्प्याच्या दाराची कडी पुरती बसली आहे की नाही, हे त्याला कळण्याचा मार्ग नाही. आणि ज्या दिवशी ते कळते, त्या दिवशी दुकान बदलण्याची संधी उरलेली नसते. त्यामुळे विमानाचे भाडे कोणी ठरवावे याविषयी अर्थशास्त्रज्ञांत कितीही मतभेद असले, तरी विमान उडण्यास योग्य आहे की नाही हे पाहण्याचे काम शासनाचे, याविषयी सहसा दुमत आढळत नाही. अमेरिकेने १९७८ साली कायदा करून विमानभाड्यांवरील व मार्गांवरील नियंत्रणे उठविली, ती राबविणारे मंडळ १९८४ च्या अखेरीस बंदही केले. पण सुरक्षिततेचे नियमन शासनाच्याच हाती ठेवले, ते याच कारणाने.

पण शासन म्हणजे नेमके कोण? मंत्री विमान तपासत नाहीत, महासंचालकही तपासत नाहीत. विमानतळाजवळच्या अथवा कारखान्याजवळच्या एखाद्या कार्यालयातील तपासनीस हँगरमध्ये जातो, देखभालीची नोंदवही उघडतो, पत्र्याचे सांधे न्याहाळतो आणि आपला शेरा लिहितो. शासनाला या बाबतीत डोळे म्हणून जे काही आहेत, ते हेच. अमेरिकेत ३० जून १९५६ रोजी ग्रँड कॅन्यनवर दोन प्रवासी विमानांची आकाशात टक्कर होऊन १२८ माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर १९५८ च्या कायद्याने तेथील संघीय विमानवाहतूक यंत्रणा, म्हणजे एफएए, उभी राहिली. तिच्या वॉशिंग्टनमधील मुख्यालयाखाली देशभर कार्यालयांचे जाळे पसरले. काही कार्यालये विमान कंपन्यांना प्रमाणपत्रे देतात, त्यांच्या देखभालीवर व वैमानिकांवर लक्ष ठेवतात; काही कार्यालयांतील अभियंते विमान बांधणाऱ्या कारखान्यांचे आराखडे तपासतात. २०१७ मध्ये प्रदेशवार रचनेच्या जागी कामाच्या स्वरूपानुसार रचना आली. पण विमानापाशी प्रत्यक्ष जाणारा माणूस स्थानिक कार्यालयातलाच राहिला.

या कार्यालयांवर नेहमी एक आक्षेप घेतला जातो. ती ज्या कंपन्यांवर देखरेख करतात त्यांच्याच सावलीत वाढतात, असे म्हटले जाते. नियमन हे बहुधा उद्योगच आपल्या हितासाठी काबीज करतो, असा सिद्धांत जॉर्ज स्टिगलर यांनी १९७१ साली मांडला. त्यांना १९८२ चे नोबेल पारितोषिकही मिळाले. हा सिद्धांत खोटा नाही, पण विमानसुरक्षेच्या बाबतीत तो अपुरा आहे. गेल्या अर्धशतकातील मोठ्या प्रकरणांचे कागद चाळले, तर त्यांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा आढळते. धोका कोणाच्याच ध्यानात आला नव्हता असे नसते. स्थानिक कार्यालयातील कोणी तरी तो ओळखलेला असतो, कधी कधी लिहूनही ठेवलेला असतो. परंतु त्या लिहिलेल्या नकाराला वजन नसते. तो वरून मोडला जातो, कार्यालयातच दाबला जातो, किंवा नकार देणाऱ्याच्या हाती काही उरणार नाही अशी व्यवस्था हळूहळू केली जाते. या तिन्ही प्रकारांची उदाहरणे अमेरिकेच्याच इतिहासात आहेत.

वॉशिंग्टनचा दूरध्वनी

१२ जून १९७२ रोजी अमेरिकन एअरलाइन्सचे डीसी-१० जातीचे विमान कॅनडातील विंडसर शहरावरून जात असता त्याच्या मागील सामानकप्प्याचे दार उडून गेले. कप्प्यातील हवेचा दाब एकदम उतरला, वरच्या प्रवासी दालनाची जमीन काही भागात खचली आणि त्या जमिनीतून शेपटाकडे जाणाऱ्या नियंत्रणाच्या तारांना इजा पोहोचली. वैमानिकाच्या कौशल्याने विमान डेट्रॉइटला उतरले आणि आतील ६७ जण वाचले. दोष उघड होता. कड्या पुरत्या न बसताही दार बाहेरून बंद झाल्यासारखे दिसत होते.

हे विमान बांधणाऱ्या मॅकडोनेल डग्लस कंपनीचा कारखाना कॅलिफोर्नियात लाँग बीचला होता आणि त्याच्यावरील देखरेख एफएएच्या लॉस एंजेलिस येथील पश्चिम विभागीय कार्यालयाकडे होती. तेथील अधिकाऱ्यांनी आपले काम केले. दारात सक्तीने दुरुस्ती करावयास लावणारा उड्डाणयोग्यता आदेश काढण्याची त्यांनी तयारी चालविली. असा आदेश कायद्याने बंधनकारक असतो, तो जाहीर होतो आणि जगभरच्या गिऱ्हाइकांच्या नजरेस येतो. नेमकी हीच गोष्ट कंपनीला अडचणीची होती. लॉकहीडचे ट्रायस्टार विमान त्याच वर्षी सेवेत आले होते आणि दोन्ही कारखाने त्याच विमान कंपन्यांच्या दारात उभे होते. अशा वेळी वॉशिंग्टनमधील प्रशासक व कंपनीच्या विमान विभागाचे अध्यक्ष यांच्यात दूरध्वनीवर बोलणे झाले आणि आदेशाची आवश्यकता नाही, कंपनीनेच आपल्या परिपत्रकाद्वारे दुरुस्ती सुचवावी, असे ठरले. या समझोत्याला पुढे 'सद्गृहस्थांचा करार' असे उपरोधिक नाव पडले. लॉस एंजेलिसच्या विभागप्रमुखांनी काय घडले याचे टिपण लिहून फायलीत ठेवले. त्यापलीकडे त्यांच्या हाती काही नव्हते.

३ मार्च १९७४ रोजी तुर्की एअरलाइन्सचे डीसी-१० पॅरिसहून लंडनकडे निघाले आणि काही मिनिटांतच एरमेनोंव्हिलच्या जंगलात कोसळले. तेच दार, तोच दोष. या खेपेस जमीन अधिक खचली आणि नियंत्रणाच्या तारा तुटल्या. ३४६ माणसे मरण पावली. परिपत्रकात सुचविलेली दुरुस्ती या विमानात पूर्ण झाली असल्याचे शिक्के कारखान्याच्या कागदपत्रांवर होते. प्रत्यक्षात ती झालेली नव्हती. सक्तीचा आदेश निघाला तो या अपघातानंतर. त्याचा मसुदा ज्या कार्यालयात २१ महिन्यांपूर्वी तयार होत होता, त्या कार्यालयाच्या फायलीतील टिपणही त्यानंतरच काँग्रेसच्या चौकशीत बाहेर आले.

हे प्रकरण मुद्दाम विस्ताराने सांगावेसे वाटते, कारण ते प्रचलित समजुतीच्या उलट आहे. कारखान्याच्या कुंपणालगतचे कार्यालय येथे उद्योगाला विकले गेलेले नव्हते. जवळीक होती, पण तिच्यातून ज्ञानच मिळाले होते. दुबळेपणा दाखविला तो तीन हजार किलोमीटरहून अधिक दूर बसलेल्या मुख्यालयाने, आणि तोही एका दूरध्वनीवर, ज्याची अधिकृत नोंद ठेवण्याची सक्ती कोणावरही नव्हती.

गिऱ्हाईक कोण?

दुसरा प्रकार याहून अधिक परिचयाचा आहे, कारण तो कोणत्याही कार्यालयात घडू शकतो. टेक्सास राज्यात डॅलसजवळ साउथवेस्ट एअरलाइन्सवर देखरेख करणारे एफएएचे कार्यालय होते. मार्च २००७ मध्ये कंपनीने कळविले की, बोईंग ७३७ विमानांच्या पत्र्याला पडणारे तडे शोधण्यासाठी ठरवून दिलेली सक्तीची तपासणी काही विमानांवर झालेलीच नाही. अशी विमाने ४६ होती. तपासणी न होता त्यांची ५९,७९१ उड्डाणे झाली होती. नियमाप्रमाणे ती त्याच क्षणी जमिनीवर थांबवावयास हवी होती. परंतु कार्यालयातील वरिष्ठाने ती उडू दिली आणि दोष कळल्यानंतरही आणखी १,४५१ उड्डाणे झाली. पुढे तपासणी झाली तेव्हा त्यांतील ६ विमानांच्या पत्र्याला तडे आढळले.

त्याच कार्यालयातील दोन तपासनिसांना हे मान्य नव्हते. त्यांनी तक्रार केली, ती वर्षभर रेंगाळली आणि अखेर ३ एप्रिल २००८ रोजी त्यांना प्रतिनिधिगृहाच्या वाहतूक समितीपुढे शपथेवर सांगावे लागले की, आपल्या वरिष्ठांचे कंपनीशी संबंध नको तितके स्नेहाचे होते. आपल्याला नोकरीविषयी आडून धमकावण्यात आल्याचेही समितीपुढे सांगण्यात आले. कंपनीत नियमपालनाची जबाबदारी सांभाळणारा अधिकारी पूर्वी एफएएमध्येच तपासनीस होता, हेही त्या वेळी उघड झाले. कंपनीवर एक कोटी दोन लाख डॉलर दंडाचा प्रस्ताव होता; २००९ मध्ये पंचाहत्तर लाख डॉलरवर तडजोड झाली.

समितीचे अध्यक्ष जेम्स ओबरस्टार यांनी त्या वेळी एका शब्दावर बोट ठेवले, तो शब्द 'गिऱ्हाईक'. त्यापूर्वी काही वर्षांपासून एफएएने कार्यक्षमतेच्या नव्या भाषेत विमान कंपन्यांना आपले 'गिऱ्हाईक' म्हणावयास प्रारंभ केला होता. शब्द निरुपद्रवी वाटतात, पण कार्यालये त्यांच्यानुसार घडतात. गिऱ्हाईक कंपनी असेल, तर तिची तक्रार म्हणजे तपासनिसाचा दोष ठरतो आणि विमान थांबविणारा तपासनीस हा उद्धट कारकून ठरतो. वास्तविक हा घोळ कायद्यातच रुजलेला होता. १९५८ च्या कायद्याने एफएएवर सुरक्षितता राखण्याबरोबरच विमानवाहतुकीला उत्तेजन देण्याचीही जबाबदारी टाकली होती. ११ मे १९९६ रोजी व्हॅल्यूजेट या स्वस्त भाड्याच्या, अवघ्या तीन वर्षांच्या कंपनीचे विमान फ्लॉरिडातील दलदलीत कोसळून ११० जण गेले. झपाट्याने वाढणाऱ्या या कंपनीवरील देखरेख अपुरी पडल्याचे चौकशीत निष्पन्न झाले. त्याच वर्षी कायद्यातील उत्तेजनाचे कलम काढून टाकण्यात आले. साउथवेस्टच्या प्रकरणाने दाखविले की, कलम गेले तरी सवय जात नाही. नोकरी सोडलेल्या तपासनिसाने दोन वर्षे आपल्या जुन्या कार्यालयापुढे विमान कंपनीची बाजू मांडता कामा नये, हा निर्बंध नंतर आला, तो या अनुभवातून.

उसनी डोळस माणसे

तिसरा प्रकार सर्वांत सूक्ष्म आणि म्हणूनच सर्वांत घातक. प्रत्येक आराखडा, प्रत्येक सुटा भाग शासनाच्या अभियंत्यांनी तपासणे शक्य नसते. त्यामुळे कारखान्यातीलच काही अनुभवी अभियंत्यांना शासनाच्या वतीने प्रमाणित करण्याचा अधिकार देण्याची प्रथा अमेरिकेत अनेक दशकांपासून आहे. पूर्वी अशा अभियंत्यांची निवड एफएए करी आणि ते थेट तिलाच अहवाल देत. २००५ च्या नियमाने ही व्यवस्था बदलली आणि व्यक्तींऐवजी कंपनीलाच अधिकार सोपविण्याचा मार्ग खुला झाला. बोईंगमध्ये शासनाच्या वतीने काम करणाऱ्या विभागात सुमारे १,५०० माणसे होती. त्यांचा पगार कंपनी देत होती. त्यांच्यावर लक्ष ठेवणाऱ्या सिॲटल भागातील एफएए कार्यालयात चाळीस-पंचेचाळीस माणसे होती.

या व्यवस्थेत ७३७ मॅक्स हे विमान प्रमाणित झाले. विमानाचे नाक आपोआप खाली वळविणारी एक यंत्रणा त्यात होती आणि ती एकाच संवेदकाच्या सूचनेवर चालत होती. आराखड्याच्या काळात या यंत्रणेची शक्ती अनेक पटींनी वाढविण्यात आली. पण हा बदल तपासणाऱ्या सर्व शासकीय अभियंत्यांपर्यंत पोहोचला नाही. २९ ऑक्टोबर २०१८ रोजी इंडोनेशियात लायन एअरचे विमान समुद्रात कोसळले, १८९ जण गेले. डिसेंबरात एफएएच्याच तज्ज्ञांनी हिशेब मांडला की, दुरुस्ती न झाल्यास या जातीच्या विमानांच्या संपूर्ण आयुष्यात सुमारे १५ जीवघेणे अपघात होऊ शकतील. तरीही विमाने उडत राहिली. १० मार्च २०१९ रोजी इथिओपियन एअरलाइन्सचे विमान आदिस अबाबाजवळ कोसळून १५७ जण गेले. दोन्ही अपघातांतील मृतांची बेरीज ३४६ होते. पॅरिसजवळ १९७४ साली याच संख्येने माणसे मेली होती. हा योगायोग आहे. पण दोन्ही वेळा शासनाच्या कार्यालयात धोक्याची लेखी नोंद अपघाताच्या आधी होती, हा योगायोग म्हणता येणार नाही.

प्रतिनिधिगृहाच्या समितीने सप्टेंबर २०२० मध्ये दिलेल्या अहवालात आणखी एक गोष्ट आहे. मॅक्सच्या शेपटातील सुकाणूच्या तारांना पुरेसे संरक्षण नाही, असा आक्षेप एफएएच्या तांत्रिक तज्ज्ञांनी घेतला होता आणि व्यवस्थापनाने तो बाजूला सारला होता. या तारांमुळे कोणताही अपघात झालेला नाही, हे खरे. परंतु ज्या कार्यालयात तज्ज्ञांचा आक्षेप अशा रीतीने बाजूला सारता येतो, तेथील पुढचा तज्ज्ञ आक्षेप घेण्यापूर्वी दोनदा विचार करील, हेही तितकेच खरे. अपघातापेक्षा हा परिणाम अधिक काळ टिकतो आणि तो कोणत्याही आकडेवारीत दिसत नाही.

दुसरी बाजू

या विवेचनावर दोन आक्षेप घेतले जातील आणि दोन्ही विचारात घेण्याजोगे आहेत. पहिला असा की, हीच व्यवस्था असताना विमानप्रवास पूर्वी कधी नव्हता इतका सुरक्षित झाला. फेब्रुवारी २००९ मध्ये बफेलोजवळ झालेल्या अपघातानंतर जानेवारी २०२५ मध्ये वॉशिंग्टनजवळ प्रवासी विमान व लष्करी हेलिकॉप्टर यांची टक्कर होईपर्यंत, जवळजवळ सोळा वर्षे, अमेरिकन कंपन्यांच्या प्रवासी विमानाला मोठा प्राणघातक अपघात झाला नव्हता. हे यश निर्विवाद आहे. पण ते कोणाचे, हेही पाहिले पाहिजे. ते ज्या हजारो दिवसांत तपासनिसाचा नकार मानला गेला, त्या दिवसांचे आहे. एखादे पूल वर्षानुवर्षे टिकले म्हणून त्याचे खांब तपासणाऱ्याला कमी करावे, असे कोणी म्हणत नाही.

दुसरा आक्षेप खर्चाचा. जमिनीवर उभे राहिलेले विमान तासागणिक पैसा खाते. तपासनिसाची प्रत्येक शंका मान्य केली, तर भाडी वाढतील आणि नव्या कंपन्यांना पाय रोवता येणार नाहीत. तपासनीसही चुकू शकतो, अडवणूकही करू शकतो. हे मान्य करूनही एक भेद लक्षात ठेवावा लागतो. अनावश्यक नकाराची किंमत लगेच दिसते, ती रुपयांत अथवा डॉलरांत मोजता येते आणि ती सोसणारी कंपनी त्याच दिवशी दूरध्वनी उचलते. अनावश्यक होकाराची किंमत पुढे कधी तरी, दुसऱ्याच कोणाला तरी चुकवावी लागते आणि त्याला तक्रार करावयास जागा राहत नाही. म्हणजे तराजूचे एक पारडे आधीच झुकलेले असते. नियमनाची रचना करताना दुसऱ्या पारड्यात हेतुपुरस्सर वजन टाकावे लागते, ते यासाठी. तपासनिसाचा प्रत्येक नकार अंतिम मानावा असे कोणी म्हणणार नाही. तो मोडण्याचा अधिकार वरिष्ठांना असलाच पाहिजे. पण तो लेखी, सकारण आणि स्वतःच्या सहीनिशी वापरला गेला पाहिजे. १९७२ साली लॉस एंजेलिसच्या कार्यालयाला एवढे जरी मिळाले असते, तरी वॉशिंग्टनच्या प्रशासकांना दूरध्वनी खाली ठेवून आधी लेखणी उचलावी लागली असती.

अमेरिकेने डिसेंबर २०२० मध्ये नवा कायदा करून कारखान्यातील अधिकारप्राप्त अभियंत्यांच्या निवडीत एफएएचा हात पुन्हा घातला आणि त्यांच्यावर दडपण आणण्यास मनाई केली. तरीही ५ जानेवारी २०२४ रोजी अलास्का एअरलाइन्सच्या जवळजवळ नव्या विमानातील दाराच्या जागेचे झाकण आकाशात निखळून पडले. ते धरून ठेवणारे चार बोल्ट कारखान्यातच बसविण्याचे राहून गेले होते. २०२५ मध्ये चौकशी मंडळाने बोईंगबरोबर एफएएच्या देखरेखीतील उणिवांवरही ठपका ठेवला. कायदा झाला म्हणजे कार्यालय आपोआप बळकट होत नाही, एवढाच याचा अर्थ.

आपल्याकडचे चित्र

अमेरिकेतील या कार्यालयांची कथा भारतीय वाचकाला दूरची वाटण्याचे कारण नाही. ३१ जानेवारी २०१४ रोजी याच एफएएने भारताच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची श्रेणी खाली आणली होती. मुख्य उणीव होती ती पूर्ण वेळ काम करणाऱ्या प्रशिक्षित उड्डाण तपासनिसांची. परिणामी भारतीय कंपन्यांना अमेरिकेकडील उड्डाणे वाढविता येईनात. एप्रिल २०१५ मध्ये श्रेणी परत मिळाली, ती नवे तपासनीस नेमल्यानंतर. स्वतःच्या प्रवाशांच्या जिवासाठी जी पदे भरली गेली नव्हती, ती परदेशातील उड्डाणे अडल्यावर भरली गेली.

२०२० च्या दुरुस्तीने महासंचालनालयाला कायद्याचे अधिष्ठान मिळाले. १ जानेवारी २०२५ पासून १९३४ च्या जुन्या कायद्याची जागा भारतीय वायुयान अधिनियमाने घेतली. दिल्लीच्या मुख्यालयाखाली मुंबईसारख्या महत्त्वाच्या शहरांत प्रादेशिक कार्यालये आहेत. परंतु या कार्यालयांतील खुर्च्यांचे काय? १२ जून २०२५ च्या अहमदाबादच्या दुर्घटनेत २६० जण मरण पावले. तिच्या कारणांशी येथे कर्तव्य नाही. ते चौकशी मंडळाचे काम. पण त्यानंतर संसदीय समितीने विमानसुरक्षेचा जो आढावा घेतला, त्यात महासंचालनालयातील मंजूर पदांपैकी जवळजवळ निम्मी रिकामी असल्याचे नमूद केले. देशांतर्गत प्रवाशांची संख्या २०२४ मध्ये १६ कोटींच्या वर गेली असताना हे घडत आहे. रिकाम्या खुर्चीत बसून कोणी नकार देऊ शकत नाही.

यात एका भारतीय परिस्थितीची भर पडते. देशांतर्गत प्रवाशांपैकी साठ टक्क्यांहून अधिक प्रवासी एकाच कंपनीच्या विमानांतून जातात. डिसेंबर २०२५ मध्ये वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम पाळण्याची तयारी त्या कंपनीने पुरेशी केली नव्हती असे दिसून आले, तिची हजारो उड्डाणे रद्द झाली, विमानतळांवर लग्नाची वऱ्हाडे आणि परीक्षेचे विद्यार्थी अडकून पडले. महासंचालनालयाला अखेर त्या नियमांतूनच तात्पुरती सूट द्यावी लागली. थकलेल्या वैमानिकाला विश्रांती मिळावी म्हणून केलेला नियम मागे घ्यावा लागला, कारण तो पाळला तर देश थांबत होता. बँकांच्या बाबतीत 'बुडू देता येणार नाही इतकी मोठी' असे म्हणतात. येथे 'थांबविता येणार नाही इतकी मोठी' अशी कंपनी तयार झाली आहे. त्यानंतर कंपनीवर देखरेख करणाऱ्या चार कंत्राटी तपासनिसांनाही शिक्षा झाली. त्यांना कामावरून दूर करण्यात आले. त्यांच्याकडून कसूर झालीही असेल. पण कंत्राटावरील माणसाने देशातील सर्वांत मोठ्या कंपनीला नकार द्यावा अशी अपेक्षा करणारी व्यवस्था स्वतः किती निर्दोष आहे, हा प्रश्न त्या कारवाईने सुटला नाही.

उपाय अवघड नाहीत. ते खर्चिकही नाहीत. देशांतर्गत तिकिटामागे दहा रुपये जरी केवळ सुरक्षा-तपासणीसाठी राखून ठेवले, तरी २०२४ च्या प्रवासीसंख्येवर वर्षाला १६० कोटी रुपये उभे राहतात आणि तपासनिसाला विमान कंपनीच्या तोडीचे वेतन व कायम नेमणूक देता येते. नोकरी सोडल्यावर काही वर्षे त्याला ज्या कंपनीवर देखरेख केली तिच्याकडे जाता येऊ नये. स्थानिक तपासनिसाचा लेखी आक्षेप वरिष्ठांनी फेटाळला, तर तो का फेटाळला हे त्यांनी लिहून द्यावे, आणि अशा सर्व प्रकरणांचा अहवाल दर वर्षी संसदेपुढे ठेवला जावा. यांतील शेवटची सूचना सर्वांत स्वस्त आहे आणि तिलाच सर्वांत अधिक विरोध होईल. यावरून तिचे मोल ओळखावे.

लॉस एंजेलिसच्या विभागप्रमुखांनी १९७२ साली लिहिलेले टिपण फायलीत नीट जपून ठेवलेले होते. त्यात लिहिलेल्या गोष्टी खऱ्या होत्या आणि ते लिहिणाऱ्याचा हेतूही चांगला होता. उणीव एकच होती. ते वाचण्यास कोणी बांधील नव्हते. मुंबईच्या किंवा दिल्लीच्या एखाद्या कार्यालयात आज असे टिपण लिहिले जात असेल, तर ते अपघातानंतर नव्हे, अपघातापूर्वी वाचले जावे, एवढीच व्यवस्था शासनाने करावयाची आहे.